अडलेले कोडे

कोडे सोडवताना आपण पुष्कळदा मध्येच अडतो. अशा वेळी अंदाजाने उत्तर लिहायचे, की थांबून विचार करायचा? या पाठात नेदरलँड्स या देशाची थोडी ओळख आहे आणि सुडोकू नावाच्या एका कोड्याची बरीच ओळख आहे. पाठ वाचताना जवळ चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर ठेवा.

मुलांनो, वर्गातील जगाचा नकाशा पाहा. युरोप खंडाच्या पश्चिमेला, समुद्राच्या अगदी काठाशी, नेदरलँड्स नावाचा एक लहानसा देश तुम्हांला दिसेल. तुमच्या आजीआजोबांच्या पुस्तकांत या देशाला हॉलंड म्हटलेले असे. महाराष्ट्राचे सात सारखे भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढासुद्धा हा देश नाही.

या देशाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. पूर्वी तेथे ठिकठिकाणी तळी होती, दलदल होती. तेथील लोकांनी बांध घातले. पवनचक्क्या उभारून आतले पाणी उपसले आणि कालव्यांतून ते बाहेर सोडून दिले. अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या उत्तरेला बेमस्टर नावाचे असेच एक मोठे तळे होते. ते १६१२ साली कोरडे झाले. तळाशी उत्तम जमीन निघाली. मग लोकांनी त्या जमिनीवर दोरी धरून आखावे तसे सरळ रस्ते आणि सरळ कालवे काढले. उंचावरून पाहिले, तर ती जमीन चौकटीच्या वहीसारखी दिसते. १९९९ साली युनेस्को या संस्थेने बेमस्टरची नोंद जागतिक वारशाच्या यादीत केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या लोकांनी माती बाहेरून आणून टाकली नाही. जमीन तेथेच होती, पाण्याखाली झाकलेली. त्यांनी नको असलेले पाणी तेवढे काढून टाकले. आज आपण जे कोडे सोडवणार आहोत, त्यातही असेच काहीसे करायचे आहे.

समजा, तुम्ही सुट्टीत नेदरलँड्सला मामाकडे गेला आहात. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. कामानिमित्त तेथे राहणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत. मामा तुम्हांला घेऊन अ‍ॅमस्टरडॅमहून उट्रेख्टला निघाला आहे. आगगाडीत कोणीतरी वाचून ठेवलेले एक वर्तमानपत्र तुमच्या हाती येते. ते डच भाषेत आहे. तुम्हांला त्यातील एक ओळही वाचता येत नाही. पाने उलटता उलटता तुम्हांला एक चौकट दिसते. चौकटीत घरे आहेत, काही घरांत अंक आहेत, काही रिकामी आहेत. हे कोडे मात्र तुम्हांला सोडवता येते, कारण ते कोणत्याच भाषेत नाही!

हेच सुडोकू. नाव जपानी आहे, पण कोडे जन्मले अमेरिकेत. हॉवर्ड गार्न्स नावाच्या एका वास्तुरचनाकाराने ते तयार केले आणि १९७९ साली तेथील एका कोड्यांच्या मासिकात ते प्रथम छापले गेले. पुढे १९८४ साली जपानमध्ये माकी काजी यांनी ते आपल्या वाचकांपुढे ठेवले आणि त्याला नवे नाव मिळाले. वेन गूल्ड नावाचे निवृत्त न्यायाधीश १९९७ साली जपानला गेले असताना त्यांनी ते पाहिले. त्यांना ते इतके आवडले, की अशी कोडी तयार करणारा संगणकाचा कार्यक्रम त्यांनी स्वतः लिहिला. त्यांची कोडी नोव्हेंबर २००४ पासून लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकात येऊ लागली आणि वर्षभरात ती जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचली.

तुम्ही ज्या उट्रेख्टला निघाला आहात, तेथे १९९६ साली कोडी सोडवण्याची जागतिक स्पर्धा भरली होती. २००३ साली तशीच स्पर्धा त्याच देशातील आर्नहेम येथे झाली. आणि केवळ सुडोकूची जी जागतिक स्पर्धा असते, ती २००८ साली आपल्या शेजारी, गोव्यात झाली. देशोदेशींचे लोक तेथे आले. त्यांना एकमेकांची भाषा येत असो वा नसो, चौकट सर्वांना सारखीच वाचता येत होती.

वर्तमानपत्रातील सुडोकूत नऊ आडव्या ओळी आणि नऊ उभे रकाने असतात. आपण मात्र लहान चौकटीपासून सुरुवात करू. खालील चौकट वहीत उतरवून घ्या. घाई करू नका. एक अंक जरी चुकीच्या घरात उतरला, तरी कोडे बिघडते.

□ ३ □ │ □ □ ४
२ □ □ │ ५ □ □
─────────────
३ □ ५ │ □ ४ □
□ ४ □ │ ३ □ ५
─────────────
□ □ ३ │ □ □ १
४ □ □ │ □ ५ □

या चौकटीत सहा ओळी आहेत आणि सहा रकाने आहेत. ओळ आडवी, रकाना उभा. शिवाय जाड रेघांनी सहा पेट्या पडल्या आहेत. प्रत्येक पेटीत सहा घरे आहेत. नियम एकच आहे. प्रत्येक ओळीत, प्रत्येक रकान्यात आणि प्रत्येक पेटीत १ ते ६ हे अंक एकेकदाच यायला हवेत. बेरीज नाही, वजाबाकी नाही. अंकांच्या जागी सहा फुलांची चित्रे काढली असती, तरी कोडे तेच राहिले असते.

आता एखाद्या रिकाम्या घरावर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, 'या घरात कोणता अंक येईल?'

दुसऱ्या ओळीतील दुसरे घर घ्या. या ओळीत २ आणि ५ आधीच आहेत. म्हणून ते येथे येणार नाहीत. या घराच्या रकान्यात ३ आणि ४ आहेत. तेही गेले. उरले १ आणि ६. दोघांपैकी कोण? सांगता येत नाही.

पाचव्या ओळीतील पहिले घर घ्या. ओळीत ३ आणि १ आहेत, रकान्यात २, ३ आणि ४ आहेत. उरले ५ आणि ६. पुन्हा तेच. आता तुम्ही एकेक करून बावीसही रिकामी घरे तपासून पाहा. प्रत्येक घरात निदान दोन अंक तरी उरतातच. एकही घर असे नाही, की जेथे एकच अंक उरतो.

म्हणजे आपण अडलो. पहिल्याच पावलाला अडलो.

अशा वेळी बरेच जण काय करतात, माहीत आहे? ते म्हणतात, 'एक किंवा सहा, दोनच तर आहेत. लिहून टाकू सहा!' आपणही त्यांच्यासारखे करून पाहू. पण वेगळ्या कागदावर.

दुसऱ्या ओळीतील दुसऱ्या घरात ६ लिहिला. आता त्या ओळीचे शेवटचे घर पाहा. ओळीत २, ५ आणि ६ आहेत, रकान्यात ४, ५ आणि १ आहेत. उरला ३. लिहा. वा! आता या ओळीत १ आणि ४ राहिले. पाचव्या रकान्यात ४ आधीच आहे, म्हणून पाचव्या घरात १ आणि तिसऱ्या घरात ४. ओळ पूर्ण झाली! डावीकडच्या वरच्या पेटीत आता १ आणि ५ हवेत. तिसऱ्या रकान्यात ५ आहे, म्हणून पहिल्या ओळीच्या तिसऱ्या घरात १ आणि पहिल्या घरात ५. पेटीही पूर्ण झाली. सहा घरे भराभर भरली. अंदाज बरोबर होता असे वाटू लागले ना?

आता उजवीकडच्या खालच्या पेटीत ३ कोठे बसतो ते पाहा. पाचव्या ओळीत ३ आहे, म्हणून ती ओळ गेली. सहाव्या ओळीचे चौथे घर? चौथ्या रकान्यात ३ आहे. पाचवे घर? तेथे ५ बसलेला आहे. सहावे घर? त्या रकान्यात आपण नुकताच ३ लिहिला. म्हणजे या पेटीत ३ला घरच नाही!

कोडे बिघडले. कोणामुळे? त्या पहिल्या ६मुळे. पण आपल्याला हे कळले सहा घरे भरून झाल्यावर. लहान चौकट होती म्हणून इतक्या लवकर तरी कळले. नऊ ओळींच्या कोड्यात अशी चूक तीसचाळीस घरे भरल्यावर वर येते. तोवर बरोबर अंक आणि चुकीचे अंक एकमेकांत असे मिसळून जातात, की कोणता खोडावा ते समजत नाही. आपल्या या सहा घरांतही चार अंक चुकीचे आहेत आणि दोन बरोबर आहेत. नुसते पाहून ते ओळखता येतात का, बघा बरे. ज्यांनी शाईने लिहिले असेल, त्यांची तर पंचाईतच. शाईने सुडोकू सोडवण्यात कसली ऐट आहे, हे मला अजून कळलेले नाही.

तेव्हा तो कागद बाजूला ठेवा. आपल्या मूळ चौकटीकडे परत या.

आपण घराला विचारत होतो, 'तुझ्यात कोण येईल?' घर काही सांगत नाही. ठीक आहे, मग अंकाला विचारू. 'बाबा रे ४, या पेटीत तू कोठे बसशील?' प्रश्न बदलला. आता काय होते ते पाहा.

डावीकडची वरची पेटी घ्या. तिच्यात ४ अजून आलेला नाही. पहिल्या ओळीच्या शेवटी ४ आहे. म्हणून पहिल्या ओळीतील घरांवर काट मारा. दुसऱ्या ओळीत पहिल्या घरात २ आहे. दुसऱ्या घराच्या रकान्यात, खाली चौथ्या ओळीत, ४ आहे. त्या घरावरही काट. राहिले एकच घर, दुसऱ्या ओळीतील तिसरे. ४ तेथेच बसणार. दुसरीकडे त्याला जागाच नाही. मघाशी याच घराला आपण विचारले असते, तर त्याने १, ४ आणि ६ अशी तीन नावे सांगितली असती!

यात अंदाज कोठेच नाही. आपण ४ला बसवले नाही. जेथे तो बसू शकत नाही, त्या जागा एकेक करून काढून टाकल्या. उरलेली जागा आपोआप उघडी पडली. बेमस्टरच्या लोकांनी पाणी उपसले, तसेच हे.

आता उजवीकडच्या खालच्या पेटीत ४ शोधा. सहाव्या ओळीत ४ आहे, ती ओळ गेली. पाचव्या ओळीतील शेवटच्या घरात १ आहे. तिच्या पाचव्या घराच्या रकान्यात ४ आहे. राहिले चौथे घर. तेथे ४ लिहा. झाले, सहाही ४ जागेवर बसले.

मग ३ला बोलवा. याच पेटीत मघाशी ३ला घर मिळत नव्हते. आता पाहा. पाचवी ओळ गेली, चौथा रकाना गेला, पाचव्या घरात ५ आहे. सहाव्या ओळीतील सहावे घर मोकळे आहे. ३ तेथे बसला. आता उजवीकडची वरची पेटी. पहिल्या ओळीत ३ आहे. दुसऱ्या ओळीत चौथ्या घरात ५ आहे, आणि सहाव्या रकान्यात आत्ताच ३ आला. म्हणून दुसऱ्या ओळीतील पाचव्या घरात ३. एक अंक बसला, की तो दुसऱ्याची वाट मोकळी करतो, ती अशी.

५चेही असेच आहे. डावीकडच्या वरच्या पेटीत दुसरी ओळ ५ने अडवली आहे आणि तिसरा रकानाही अडवला आहे. म्हणून ५ पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात. त्यामुळे पहिला रकाना अडला. मग डावीकडच्या खालच्या पेटीत ५ कोठे? सहावी ओळ नाही, पहिला रकाना नाही, तिसऱ्या घरात ३ आहे. तेव्हा पाचव्या ओळीतील दुसरे घर.

आता पुन्हा पहिला प्रश्न विचारायला हरकत नाही. पाचव्या ओळीत ५, ३, ४ आणि १ झाले. राहिले २ आणि ६. पहिल्या रकान्यात २ आहे, म्हणून पहिल्या घरात ६ आणि पाचव्या घरात २. दुसऱ्या ओळीत राहिले १ आणि ६. सहाव्या रकान्यात १ आहे, म्हणून शेवटच्या घरात ६. आणि दुसऱ्या घरात? १! अंदाज करणाऱ्याने येथेच ६ लिहिला होता. तुमची चौकट आता अशी दिसायला हवी.

५ ३ □ │ □ □ ४
२ १ ४ │ ५ ३ ६
─────────────
३ □ ५ │ □ ४ □
□ ४ □ │ ३ □ ५
─────────────
६ ५ ३ │ ४ २ १
४ □ □ │ □ ५ ३

बारा घरे राहिली आहेत. ती तुमच्यासाठी ठेवली आहेत.

मोठ्या चौकटीत कधीकधी दोन्ही प्रश्न विचारून झाले, तरी गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा रिकाम्या घराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, तेथे येऊ शकणारे सगळे अंक लिहून ठेवतात. हे उत्तर नव्हे, ही नुसती नोंद. समजा, एका ओळीत २, ५, ७ आणि ९ हे चार अंक यायचे आहेत आणि चार घरे रिकामी आहेत. पहिल्या रिकाम्या घराच्या कोपऱ्यात तुम्ही २, ७ लिहिले. दुसऱ्याच्या कोपऱ्यातही २, ७ आले. तिसऱ्यात २, ५, ९ आले आणि चौथ्यात २, ५.

आता असे समजा, की ताटात एक लाडू, एक करंजी, एक चकली आणि एक शंकरपाळे आहे. दोन भावंडे अशी आहेत, की ती लाडू नाहीतर करंजीच खातात, दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. मग लाडू कोणाला आणि करंजी कोणाला हे आपल्याला ठाऊक नसले, तरी एक नक्की ठाऊक आहे. या दोन्ही वस्तू त्या दोघांतच संपणार. बाकीच्यांनी त्यांची आशा धरू नये. तसेच येथे २ आणि ७ पहिल्या दोन घरांत संपणार. म्हणून उरलेल्या घरांच्या कोपऱ्यांतील २ खोडा. चौथ्या घरात ५ एकटा उरला. तो बसला, की तिसऱ्यात ९. 'या ओळीत ९ कोठे बसेल?' असे विचारले असते, तरी हेच उत्तर मिळाले असते म्हणा. पण अडलेल्या माणसाला दोन वाटा ठाऊक असलेल्या बऱ्या.

कोणी म्हणेल, 'इतका विचार कशाला? सगळ्या रीतींनी भरून पाहू, एखादी जमेलच.' मोठ्या सुडोकूची चौकट नियम पाळून किती निरनिराळ्या प्रकारांनी भरता येते, हे गणितज्ञांनी २००५ साली मोजले. ती संख्या बावीस अंकी आहे! या ढिगातून एक चौकट हवी असते. ती नेमकी सापडावी म्हणून कोडे तयार करणारा काही अंक आधीच लिहून देतो. निदान किती अंक द्यावे लागतात? आयर्लंडमधील डब्लिनच्या एका गणितज्ञाने, गॅरी मॅग्वायर यांनी, संगणकाच्या साहाय्याने २०१२ साली दाखवून दिले, की सतरापेक्षा कमी अंक देऊन एकच उत्तर असलेले कोडे तयार होऊच शकत नाही. सतरा अंकांचे कोडे मात्र होते. एक्याऐंशी घरांपैकी सतराच भरलेली. उरलेली चौसष्ट घरे, 'येथे हा नाही, तेथे तो नाही' असे म्हणत म्हणत भरायची.

आता अडण्याचे आणखी एक कारण सांगतो. ते निराळे आहे. चांगल्या सुडोकूला उत्तर असतेच. पण ज्याला उत्तरच नाही, असे कोडे हाती आले तर? अशी एक खरी गोष्ट नेदरलँड्समध्येच घडली.

त्या देशाच्या दक्षिण भागात आइंडहोव्हन नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठात निकोलास द ब्रॉइन हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा सात वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याहून लहानच. तो ठोकळ्यांशी खेळत होता. प्रत्येक ठोकळा १ एकक जाड, २ एकक रुंद आणि ४ एकक लांब होता. असे ठोकळे रचून त्याला ६ एकक लांब, ६ रुंद आणि ६ उंच असा भरीव घन करायचा होता. काही केल्या तो होईना. कोठेतरी फट राहायची.

तुम्ही हिशेब करून पाहा. ६ × ६ × ६ म्हणजे २१६. एका ठोकळ्यात १ × २ × ४, म्हणजे ८ लहान घन मावतात. २१६ला ८ने भागले, की २७ येतात. बाकी शून्य. म्हणजे सत्तावीस ठोकळे अगदी बरोबर बसायला हवेत. मग ते बसत का नाहीत? पोराची मांडणी चुकते आहे, असेच कोणालाही वाटले असते. 'नीट लाव, जमेल' असे सांगून बाप आपल्या कामाला लागला असता.

द ब्रॉइन यांनी तसे केले नाही. 'कसे बसतील?' हा प्रश्न त्यांनी सोडला आणि 'का बसत नाहीत?' हा प्रश्न धरला. आपण सुडोकूत प्रश्न बदलला, तसाच.

त्या मोठ्या घनाला मनातल्या मनात रंग देऊ. तो ६ × ६ × ६ आहे, म्हणून त्याचे २ × २ × २ असे सत्तावीस भाग पडतात. बुद्धिबळाच्या पटासारखा एक भाग काळा, त्याला लागून असलेला पांढरा, असे रंगवत जा. कोपरे काळे ठेवा. सत्तावीस ही विषम संख्या आहे. तेव्हा काळे भाग चौदा होतील आणि पांढरे तेरा. प्रत्येक भागात ८ लहान घन आहेत. म्हणजे काळे लहान घन ११२ आणि पांढरे १०४.

आता एक ठोकळा घ्या आणि त्यात कोठेही ठेवा, उभा, आडवा, कसाही. त्याची लांबी चार आहे आणि रंग दोन दोन घनांनी बदलतो. म्हणून तो नेहमी चार काळे आणि चार पांढरे घन व्यापतो. कमी नाही, जास्त नाही. मग सत्तावीस ठोकळे मिळून १०८ काळे आणि १०८ पांढरे व्यापतील. पण आपल्या घनात काळे तर ११२ आहेत! जमणार कसे? सात वर्षांच्या मुलालाच काय, जगातील कोणालाही ते जमणार नाही.

मुलाचा हात चुकत नव्हता. वस्तूच न होणारी होती. 'मला जमत नाही' आणि 'हे होऊच शकत नाही' या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि ते अंतर रडून किंवा चिडून कळत नाही, मोजून कळते. द ब्रॉइन यांनी याच विचारावरून ठोकळे आणि पेट्या यांविषयी पुढे बरेच शोधून काढले आणि १९६९ साली ते एका गणिताच्या मासिकात छापले.

म्हणून सुडोकू सोडवताना एखाद्या अंकाला पेटीत कोठेच घर मिळेनासे झाले, तर ओढूनताणून तो बसवू नका. आधी चौकट बरोबर उतरवली आहे का, ते छापील चौकटीशी ताडून पाहा. मग आपण लिहिलेला प्रत्येक अंक पुन्हा तपासा आणि 'हा येथेच का?' असे विचारा. ज्याचे कारण सांगता येत नाही, तो अंक खोडा.

स्वाध्याय

१. पाठातील चौकटीची उरलेली बारा घरे भरा. प्रत्येक अंक भरताना तो तेथेच का बसला, हे शेजारच्या मित्राला किंवा मैत्रिणीला सांगा. कारण सांगता आले नाही, तर पेन्सिल त्यांच्या हाती द्या.

२. 'अंकाला विचारणे' आणि 'घराला विचारणे' यांत काय फरक आहे, ते पाठातील उदाहरण देऊन तीनचार वाक्यांत लिहा.

३. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर आठ ओळी आणि आठ रकाने असलेला बुद्धिबळाचा पट आखा. घरे एकाआड एक काळी रंगवा. समोरासमोरचे दोन कोपरे, म्हणजे एक वरचा डावीकडचा आणि एक खालचा उजवीकडचा, कापून टाका. बासष्ट घरे राहतील. आता पटाची दोन घरे झाकतील एवढे कागदाचे एकतीस तुकडे कापा. या एकतीस तुकड्यांनी सगळा पट झाकता येतो का, ते करून पाहा. येत नसेल, तर कापलेले दोन कोपरे कोणत्या रंगाचे होते, ते आठवा.